डावा मागचा खिसा

गस झेलेंका आला तेव्हा डोलोरेस पेत्राक उकळत्या पाण्यातून कोबीची पानं काढत होती. गस हॅमर्स रनच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. माणूस इतका रुंद, की दारातून आत येताना त्याला खांदे तिरके करावे लागत. त्याने टोपी काढली, खुर्ची ओढली आणि टेबलावर पिवळ्या तिकिटांचं एक जाडजूड पुस्तक ठेवलं. प्रत्येक तिकिटावर टॅडचा फोटो होता. खाली छापलं होतं, 'टॅड पेत्राक स्मृती सोडत. पहिलं बक्षीस हरणाच्या शिकारीची रायफल.'

डोलोरेसने हात पुसले नाहीत. ओल्या हातांनीच पुस्तक उचललं.

"हे काय आहे?"

"दरवर्षीची आपली बंदुकांची सोडत, बाई. यंदा टॅडच्या नावानं करायची. कमिटीत सगळ्यांचं एकमत झालं."

"माझं मत कुणी विचारलं?"

"विचारायलाच आलोय ना." गसने टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "पहिली चिठ्ठी तुमच्या हातून निघावी, असं सगळ्यांना वाटतंय."

"माझा मुलगा गोळ्या लागून मेला, गस. आणि तुम्ही त्याच्या नावानं बंदूक वाटणार."

"बाई, टॅड हिरो आहे आपला."

"टॅड भट्ट्या दुरुस्त करायचा. तुझ्या तळघरातली भट्टी जानेवारीत कुणी सुरू करून दिली? बाहेर बर्फ गुडघाभर, आणि तू घरात कोट घालून बसला होतास."

नळाशी कांदा चिरत बसलेली शेजारीण बर्निस कुचार मान न वळवता म्हणाली, "गस, तुमच्या कमिटीत डोकं आणायची बंदी आहे का रे? की दाराशी टोप्यांबरोबर काढून ठेवता?"

गस ओशाळून हसला. बर्निस एक्याऐंशी वर्षांची होती आणि तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. डोलोरेस मात्र हसली नाही. जूनपासून ती हसायचं विसरलीच होती. पूर्वी तिचा राग दुधासारखा असे. वर यायचा आणि फुंकर मारली की बसायचा. आता तो बसत नव्हता. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो जागा झालेला असे.

गावातली निम्मी माणसं डोलोरेसला 'बाई' म्हणत, कारण निम्म्या गावाला तिने शिकवलं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात पोर बारा वर्षांचं झालं की शिकारीला निघतं आणि परवान्याच्या आधी त्याला बंदूक सुरक्षित हाताळायचा वर्ग करावा लागतो. तो वर्ग डोलोरेसने एकतीस वर्षं घेतला, अग्निशमन दलाच्या हॉलखालच्या तळघरात. तिथल्या ओलसर भिंती, कडक बाकं, नारिंगी जाकिटांचा ढीग आणि घरून आणलेल्या जॅमच्या बिस्किटांचा डबा तिला अजून डोळ्यांपुढे दिसत असे. तेव्हा हरणांच्या शिकारीचा हंगाम सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी शाळांना सुट्टी असायची. पहाटे डोंगरावर पहिला बार झाला की ती चुलीपाशी थांबून कान द्यायची. त्या बारामागे आपलं एखादं पोर असणार, आणि आपण शिकवलेलं त्याने केलेलं असणार, याचं तिला समाधान वाटायचं.

शिकवणं तसं थोडंच होतं. पण एक नियम तिने कुणाला कधी सोडू दिला नाही. भरलेली बंदूक जमिनीवर पडलेली दिसली तर तिला ओलांडून पुढे जायचं नाही. उचलायची. तोंड आभाळाकडे. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढायचं आणि डाव्या मागच्या खिशात घालायचं, म्हणजे उजवा हात मोकळा राहतो आणि मॅगझिन कुणाच्या हाती लागत नाही. मग बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा खटका, मागे ओढून अडकवायचा, आत बघायचं आणि ती उघडी बंदूक सगळ्यांना दाखवायची. ती विचारायची, "काय दिसतंय?" आणि वर्ग एका सुरात ओरडायचा, "उघडी! रिकामी!" ओरडणं बारीक झालं तर पुन्हा पहिल्यापासून.

हा नियम तिला कुठल्या पुस्तकात सापडलेला नव्हता. ती दहा वर्षांची असताना तिचा मिहाल मामा शिकारीहून आला, भरलेली बंदूक त्याने ओसरीच्या पायरीवर ठेवली आणि तो पाणी प्यायला आत गेला. पेलाभर पाणी प्यायला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात तिचा सात वर्षांचा भाऊ स्टाश पायरीपाशी पोचला होता. मिहाल मामा पुढे तीस वर्षं जगला, पण त्या ओसरीवर त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही.

टॅडला तिने हा नियम वर्गाच्या कितीतरी आधी शिकवला होता, लाकडी बंदुकीवर. त्याच्या लहानपणच्या पँटींचा डावा मागचा खिसा नेहमी आधी फाटायचा.

जूनमधल्या त्या रविवारी टॅड जुन्या उघड्या सिनेमाच्या मैदानावरच्या आठवडी बाजारात गेला होता. आईसाठी टोमॅटोची रोपं आणायला. बर्निस तिथे तिच्या लोणच्याच्या बरण्या घेऊन बसली होती. साडेदहाच्या सुमारास एक माणूस रायफल घेऊन गाड्यांच्या रांगेतून आला आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडू लागला. त्याचं नाव डोलोरेसने आजपर्यंत तोंडातून काढलेलं नव्हतं. मध विकणारी बाई गेली. जुनी हत्यारं विकणारा म्हातारा गेला. टॅड एका ट्रकच्या चाकाआड होता. कमरेचं पिस्तूल काढून त्याने दोन गोळ्या झाडल्या आणि तो माणूस खाली पडला.

गोष्ट इथे संपली असती तर टॅड आज जेवायला आला असता.

त्या माणसाची रायफल खडीवर पडली होती, भरलेली. तिच्यापासून दोन हातांवर एका टेबलाखाली तीन पोरं लपली होती आणि त्यांतलं सर्वांत लहान रांगत बाहेर येत होतं. टॅडने आपलं पिस्तूल म्यानात ठेवलं. रायफल उचलली. नळी वर केली. मॅगझिन काढलं, खिशात घातलं, बोल्ट मागे ओढून अडकवला. हे सगळं बर्निसने शेजारच्या टेबलाखालून पाहिलं. तेवढ्यात सरबताच्या गाडीआडून पोलीस आला. त्याने हाक मारली नाही. त्याने तीन गोळ्या झाडल्या.

तो पोलीस म्हणजे डेरेक व्हार्गो. वय एकतीस. त्यालाही डोलोरेसनेच शिकवलं होतं.

तेव्हापासून गावात काय काय झालं नव्हतं! राजधानीतून एक पुढारी आला आणि टॅडसारखी बंदूकधारी माणसं गावोगावी हवीत म्हणून गेला. टीव्हीवाली एक मुलगी आली आणि टॅडकडे बंदूकच नसती तर तो वाचला असता असं तुम्हाला वाटतं का, म्हणून विचारू लागली. डोलोरेसने दोघांच्याही तोंडावर दार लावलं. कुणीतरी टॅडचं तोंड छापलेले बनियन विकायला काढले. त्यात त्याच्या हातात पिस्तूल दाखवलं होतं आणि त्याचा चेहरा उग्र केला होता. टॅडचा चेहरा जन्मात कधी तसा झाला नव्हता. डुलकी लागलेल्या माणसासारखा मवाळ चेहरा होता त्याचा. आणि या सगळ्या पुढारी, टीव्ही, बनियनवाल्यांत एकही माणूस असं म्हणेना, की त्याला मारलं पोलिसाने. म्हणायचे, 'आपण त्याला गमावलं.' जणू तो हातमोजा होता.

जुलैत ती पोलीस चौकीत गेली होती. पोलीसप्रमुख लाइल ब्रॉटन बाहेरगावचा. नऊ वर्षांपूर्वी बदलून आलेला, नेहमी इस्त्रीचा शर्ट. त्याने कॉफी मागवली. तिने अहवालातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'सदर इसमाने रायफल गोळी झाडण्याच्या पवित्र्यात रोखली होती.'

"कुणावर?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"रोखली होती लिहिलंय. कुणावर रोखली होती?"

"डोलोरेस, तुमचं दुःख मी समजू शकतो."

"दुःखाचं मी घरी बघते. इथे प्रश्न विचारायला आलेय."

मग तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. शवागारातून मिळालेली टॅडच्या अंगावरच्या वस्तूंची यादी. पाकीट, किल्ल्या, मोजपट्टी, चाकू आणि शेवटी कुणा कारकुनाने इमानेइतबारे लिहिलेलं, 'मॅगझिन एक, बावीस गोळ्या भरलेलं, पँटचा डावा मागचा खिसा. पोलिसांकडे जमा.'

ब्रॉटनने ते वाचलं. पुन्हा वाचलं. "धावपळीत कशाचं मॅगझिन कुठे गेलं, ते आता कोण सांगणार?"

"मॅगझिन उडी मारून खिशात बसत नाही, लाइल."

"बोल्ट पडताना अडकू शकतो. तज्ज्ञांचं तसं मत आहे."

"बर्निसनं पाहिलंय सगळं."

"मिसेस कुचार एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. गोंधळलेल्या होत्या. हे बघा, सरकारी वकिलांनी फाइल बंद केलीय. टॅडचा मान राखू आपण. कशाला उकरून काढायचं?"

तिने कॉफीला हात लावला नव्हता. बाहेर येऊन तिने ही हकीकत सांगितली तेव्हा बर्निसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गोंधळलेली? मी? अगं, मी बिंगोची सहा कार्डं एकदम खेळते! त्या ब्रॉटनला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, चर्चमध्ये सगळ्यांसमोर रडली होती ती!"

डेरेक दोन महिने रजेवर होता. मग कामावर परत आला. डोलोरेसच्या घरावरून त्याची गाडी जायची, पण कधी थांबली नाही.

हे सगळं डोलोरेसच्या मनात होतं आणि गस टोपी फिरवत उत्तराची वाट पाहत होता.

"ब्रॉटन येणार आहे?" तिने विचारलं.

"येणार ना. प्रशस्तिपत्र तोच वाचणार."

"आणि डेरेक?"

गसने टोपीच्या आत पाहिलं. "दारावर ड्यूटी आहे त्याची. तुम्हाला नको असेल तर बदलून घेतो."

"असू दे." तिने तिकिटांचं पुस्तक त्याच्या पुढ्यात सरकवलं. "येते मी."

तो गेल्यावर बर्निसने सुरी खाली ठेवली. "तू त्या पेटीत हात घालून चिठ्ठी काढणार? टॅडच्या नावानं?"

"चिठ्ठीचं कोण बोललं?" डोलोरेस म्हणाली आणि पुन्हा कोबीकडे वळली.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. बाहेर मळकं ऊन आणि आत बिअर, तळलेला कांदा, बटाटा भरून उकडलेल्या पिरोगी आणि ओल्या कोटांचा वास. भिंतीशी लांब टेबलावर बक्षिसाच्या तीस बंदुका मांडलेल्या, प्रत्येकीच्या घोड्यापाशी प्लास्टिकचा पट्टा आवळलेला. मध्ये टॅडचा मोठा फोटो आणि त्याखाली पहिल्या बक्षिसाची रायफल. डोलोरेसने वर्गाला जाताना घालायची ती जुनी खिशांची पँट घातली होती. काही जणांनी ती ओळखली. "बाई आल्या," अशी कुजबुज झाली आणि पुरुषांनी तोंडातला घास घाईने गिळला.

दाराशी डेरेक उभा होता, गणवेशात. तो बारीक झाला होता. ती जवळून गेली तेव्हा त्याने खाली पाहिलं. बारा वर्षांचा डेरेक तिला आठवला. बंदुकीच्या आवाजाला घाबरायचा. तिने स्वतःची कानटोपणं काढून त्याच्या कानांवर बसवली होती. परीक्षेत चित्र दाखवत, झुडपाआड काहीतरी हलतंय, झाडायची की नाही? डेरेक दर वेळी घाईने म्हणायचा, झाडायची. झुडपाआड कधी गाय निघायची, कधी शाळेतली मुलगी. "डेरेक," ती म्हणाली होती, "काय दिसतंय ते आधी सांग. बोटाला मग सांग." पहिल्यांदा तिने त्याला नापास केलं होतं. दुसऱ्यांदा त्याच्या आईने फोन केला, पोरगा रात्रंदिवस रडतोय, वडिलांबरोबर डोंगरावर जायचंय त्याला. आणि डोलोरेसने त्याच्या कार्डावर सही केली होती.

ब्रॉटनने प्रशस्तिपत्र वाचलं. आवाज चांगला होता त्याचा. धैर्य, त्याग, समाज हे सगळे शब्द आले. शेवटी आलं, "आणि त्या धावपळीत घडलेल्या दुर्दैवी प्रसंगात आपण त्याला गमावलं." टाळ्या झाल्या. बायकांनी डोळे टिपले. मग गस चिठ्ठ्यांची पेटी घेऊन तिच्यापाशी आला.

डोलोरेस उठली आणि पेटीला वळसा घालून टेबलाशी गेली.

"गस, या रायफलीचा पट्टा काप."

"अं?"

"वाटण्याआधी बंदूक तपासायची असते. शिकवलं नव्हतं तुला?"

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "गस, तू तीनदा नापास झाला होतास, आता तरी ऐक!" गसने हसत हसत चाकू काढला आणि पट्टा कापला.

डोलोरेसने रायफल हातात घेतली, नळी छताकडे. ती लोकांकडे वळली.

"माझ्या वर्गात बसलेले उठा."

खुर्च्या करकरल्या. निम्मा हॉल उभा राहिला. टक्कल पडलेले, पोट सुटलेले, कडेवर मूल घेतलेल्या आया. सगळ्यांच्या तोंडावर शाळेतलं हसू.

"ही बंदूक मला जमिनीवर पडलेली सापडली. भोवती पोरं आहेत. मी उचलली. आधी काय?"

"तोंड वर!"

"ऐकू आलं नाही."

"तोंड वर!"

"मग?"

"मॅगझिन काढा!"

तिने काढलं. "ठेवायचं कुठे?"

"डाव्या मागच्या खिशात!" सगळा हॉल गर्जला. बिअरचे पेले उंचावले. तिने मॅगझिन खिशात सारलं.

"मग?"

"बोल्ट मागे!"

"आणि आता काय दिसतंय?"

"उघडी! रिकामी!"

छतावरचे पत्रे वाजले. लोक टाळ्या पिटत होते. खूप वर्षांत त्यांना इतकी मजा आली नव्हती. डोलोरेस तशीच उभी राहिली, उघडी बंदूक छातीशी आडवी धरून, टाळ्या संपेपर्यंत. मग तिने शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, घातला, आणि तो घडीचा कागद उलगडला.

"सहा जूनला माझ्या मुलाच्या अंगावर सापडलेल्या वस्तू," तिने वाचलं. "पाकीट एक. किल्ल्यांचा जुडगा एक. मोजपट्टी एक. चाकू एक." ती थांबली. "मॅगझिन एक, बावीस गोळ्या भरलेलं. पँटचा डावा मागचा खिसा."

पुढच्या रांगेतलं हसू आधी विझलं. मग त्यामागच्या रांगेतलं. एका पोराने आईला विचारलं, काय झालं, आणि आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"पोलिसांनी लिहिलंय, टॅडनं रायफल रोखली होती. ज्या बंदुकीचं मॅगझिन त्याच्या खिशात होतं, ती. ज्या बंदुकीचा बोल्ट मागे अडकवलेला होता, ती." तिचा आवाज चढत गेला. "पाच महिने तुम्ही मला सांगताय तो हिरो होता. बनियन छापलेत. तिकिटं छापलीत. उद्या बिअरच्या पेल्यावर छापाल. आणि तो मेला तेव्हा काय करत होता, ते एका माणसाला माझ्या दारात येऊन सांगता आलं नाही! तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं तो काय करत होता. आत्ताच तुम्ही ओरडून सांगितलंत."

ब्रॉटन पुढे आला. "डोलोरेस, पुरे झालं. ही जागा नाही. माइक माझ्याकडे आहे—"

"माझ्या आवाजाला माइक कधी लागला नाही, लाइल. तू तुझा धर."

"बोलू दे तिला!" बर्निस खुर्चीवर चढायला निघाली होती, दोघांनी तिला धरलं. "मी गोंधळलेय म्हणे! बघा आता कोण गोंधळलंय!"

डोलोरेसने दाराकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं.

"डेरेक."

"हो, बाई." तो शब्द त्याच्या तोंडून आपसूक निघाला.

"काय दिसलं?"

त्याचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि बोटं पांढरी पडली होती.

"परीक्षेत विचारत होते तेच विचारतेय. झाडायच्या आधी काय दिसलं?"

"डेरेक, बाहेर जा," ब्रॉटन म्हणाला. "हा हुकूम आहे."

डेरेक हलला नाही. "मी पाहिलंच नाही, बाई," तो म्हणाला. "लोक पळत होते. दोघं पडलेले दिसले आणि एकाच्या हातात रायफल दिसली. नळी कुठं आहे, बोल्ट कुठं आहे, मी पाहिलं नाही. तो टॅड आहे हेसुद्धा... मी जवळ गेलो तेव्हा कळलं. तेव्हा दिसलं. उघडी होती."

"मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत."

"उघडी होती!" तो ओरडला. "रिकामी होती!"

"मग 'रोखली होती' हे तू लिहिलंस?"

"मी 'हातात होती' म्हणालो होतो." त्याने नजर उचलली आणि ब्रॉटनकडे नेली. बाकी काही सांगायची गरज उरली नाही. तीनशे माणसं आता त्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहत होती. ब्रॉटनने प्रशस्तिपत्राची गुंडाळी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळी केली.

डोलोरेसला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. समोर डेरेक लहान पोरासारखा रडत होता. तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याची वाकडी झालेली कॉलर नीट करावीशीही वाटली. तिने दोन्ही केलं नाही.

"तुला मी एकदा नापास केलं होतं," ती म्हणाली. "तेच बरोबर होतं. दुसऱ्यांदा सही केली ती माझी चूक. ती मी माझ्याबरोबर नेईन. तुझी तू ने."

तिने रायफल टेबलावर ठेवली, उघडीच. मॅगझिन खिशातून काढून बाजूला ठेवलं आणि कोट घेतला. गस पेटी हातात धरून तसाच उभा होता.

"चिठ्ठी, बाई..." तो पुटपुटला.

"तूच काढ. आणि जिंकेल त्याला सांग, टॅडचा फोटो इथून काढून टाकल्याशिवाय बंदूक घरी न्यायची नाही."

दहा दिवसांनी पोस्टाने पत्र आलं. पोलिसांनी अहवालात दुरुस्ती केली होती. आता ती ओळ अशी होती, 'सदर इसमाच्या हातात रायफल होती.' खाली ब्रॉटनची सही होती आणि खेद होता.

डोलोरेसने ते उभ्यानेच वाचलं आणि चष्मा न काढता बर्निसला फोन लावला. "थर्मास भर. चौकीत जायचंय."

"आता काय राहिलं?"

"'रिकामी' राहिली."

चौकीत टेबलामागे बसलेली लिंडी स्कॅलको तिच्या शेवटच्या काही वर्गांतली. त्या दोघींना पाहून ती उभीच राहिली. ब्रॉटनच्या खोलीचं दार बंद होतं. आत कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि मग काहीच आला नाही.

"साहेब कामात आहेत, बाई."

"असू दे. या कागदात एक शब्द राहिलाय. तो घातल्याशिवाय मी उठणार नाही."

दोघी भिंतीजवळच्या बाकावर बसल्या. बर्निसने विणकाम काढलं. लिंडी कागद चाळता चाळता हळूच म्हणाली, "बाई, माझा धाकटा भाऊ मार्चमध्ये बारा वर्षांचा होतोय. वर्ग परत सुरू करणार का तुम्ही? सगळे विचारतात."

डोलोरेस बंद दाराकडे पाहत राहिली. स्टाशची पायरी तिला दिसत होती आणि खडीवरून रांगत येणारं ते पोर दिसत होतं. नियम खरा होता. पासष्ट वर्षं खरा होता. तो पाळणाऱ्या माणसाला तीन गोळ्या लागल्या होत्या आणि सरकारी कागदात त्याचा पत्ता नव्हता.

"जमिनीवर भरलेली बंदूक दिसली तर काय करायचं, म्हणून तुझा भाऊ मला विचारेल," ती म्हणाली. "मी त्याला काय सांगू? उचल आणि रिकामी कर? जे करताना माझ्या पोराला मारलं, ते?"

लिंडीने हातातले कागद बाजूला ठेवले.

"आधी या कागदावर येऊ दे की तो तेच करत होता. तुझ्या साहेबांच्या हातानं, शाईत. मग मी तुझ्या भावाला शिकवते." तिने थर्मासचं झाकण फिरवलं आणि कॉफी ओतली. "जा, आत सांग. म्हणावं, बाई बसल्या आहेत."